रुखमाबाईंचे चार चिंचोके

ऋषिकेशने ते कचरागाडीत टाकले तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते, आणि आपण काहीतरी फार चांगलं काम करतो आहोत अशी त्याची पक्की समजूत होती.

शनिवारी तो बायकोला, वैभवीला घेऊन दिघोरीला सासुरवाडीत मुक्कामाला आला होता. रविवारी सकाळी वैभवी झोपलेली, सासरे बापूजी दूध आणायला गेलेले, सासूबाई रुखमाबाई न्हाणीत, आणि दारासमोर कचरागाडी गाणं वाजवत उभी. आदर्श जावई व्हायला याहून चांगला मुहूर्त कोणता? त्याने कांद्याची सालं उचलली, वांग्याची देठं उचलली. ओट्याच्या कोपऱ्यात कान तुटलेला एक कप होता, त्यात चार झिजलेले, अर्धवट चिंचोके पडलेले दिसले. काल रात्री चिंचेचं आंबट वरण झालं होतं, त्यातलेच असणार. चिंचोके डब्यात, डबा गाडीत, गाडी पुढच्या गल्लीत. एवढ्यावर तो थांबला नाही. कप घासला आणि पालथा घातला.

रुखमाबाई डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आल्या आणि पालथ्या कपापाशी थबकल्या.

"जवाईबापू, कपातले कुठं गेले?"

"चिंचोके? टाकले ना, आई. कचरागाडीत." तो अजून शाबासकीची वाट पाहत होता.

रुखमाबाई मटकन खाली बसल्या. तेवढ्यात बापूजी दुधाची पिशवी घेऊन आले, काय झालं ते ऐकलं आणि पिशवी हातातून सुटली. आवाजाने वैभवी उठून आली. तिने ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. ऋषिकेशने एकदा ऑफिसात एका ग्राहकाची सगळी माहिती चुकून पुसून टाकली होती. तेव्हासुद्धा लोकांचे चेहरे असे झाले नव्हते.

जावयाला रागावता येत नाही. पण राग तर आला आहे, मग तो कुठेतरी गेला पाहिजे.

"अजी, तुमाले सकायच्या पारीच दूध आनाले काहून जा लागते?" रुखमाबाई नवऱ्यावर कडाडल्या.

"आता मी का केलं वं?"

"तुमी घरी राहाले पायजे होते! मानूस घरी नसला का असंच होते!"

बापूजी जमिनीवरचं दूध पुसू लागले. वैभवीने नवऱ्याला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं आणि त्याने नेमकं काय केलं आहे ते त्याला समजावून सांगितलं.

रुखमाबाई अठराव्या वर्षी कुहीकडच्या खेड्यातून लग्न होऊन नागपुरात आल्या आणि महिन्याभरात कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ तोडायच्या कामाला लागल्या. समोर लाल मिरचीचा डोंगर, हातांची आग, डोळ्यांची आग. घरी येऊन हात ताकात बुडवले तरी रात्रभर चुरचुर. चौथ्या दिवशी त्या रडायला लागल्या. तेव्हा शेजारी बसणाऱ्या अंजनाबाई नावाच्या म्हाताऱ्या मजूरबाईने जेवणाच्या सुट्टीत कोळशाने फरशीवर पंचवीस घरांचा पट आखला, कमरेच्या पिशवीतून चार चिंचोके काढले आणि म्हणाली, "खेळ, पोरी. खेळता खेळता आग समजत नाही." आणि खरंच समजली नाही. त्याच वर्षी मरताना अंजनाबाईने ते चिंचोके रुखमाबाईंच्या ओंजळीत टाकले. एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने घासून पांढरे केलेले. बेचाळीस वर्षं हातात खेळून बैलाच्या शिंगासारखे गुळगुळीत झालेले.

"बाप रे," ऋषिकेश म्हणाला. "म्हणजे आठवण होती ती."

"आठवण? अरे, आमचं घर चालतं त्याच्यावर!"

संसाराच्या पहिल्या वर्षी रेडिओ घ्यायचा की शिलाई मशीन, यावरून बापूजी आणि रुखमाबाई चार दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. पाचव्या दिवशी रुखमाबाईंनी मुकाट्याने अंगणात पट आखला. जो जिंकेल त्याचं खरं, आणि हरलेल्याने तो विषय पुन्हा काढायचा नाही. मशीन आली. तेव्हापासून या घरात भांडण म्हणून झालंच नाही. आवाज चढला की कोणीतरी खडू शोधायचं, पट मांडला जायचा, आणि अर्ध्या तासाने दोघंही ओरडत असायची, पण सोंगट्यांवरून. वैभवीची शाळा, छपराचे पत्रे, बापूजींची विडी, सगळ्याचा निकाल त्या चार चिंचोक्यांनी लावला होता.

"आणि आज संध्याकाळी आईचा डाव होता," वैभवी म्हणाली.

साठाव्या वर्षीही रुखमाबाई मिरचीवर जात होत्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, मिरचीची धूळ छातीत बसली आहे, काम सोडलं नाही तर पुढे श्वास घेणं मुश्कील होईल. बापूजींनी हात जोडले, वैभवी रडली. रुखमाबाई एकच म्हणाल्या, "पट मांडा." हरल्या तर सोमवारपासून काम बंद.

आता चिंचोके नाहीत, म्हणजे डाव नाही. डाव नाही, म्हणजे उद्या सकाळी डबा घेऊन रुखमाबाई कळमन्याला.

कचरागाडी तर केव्हाच लांब निघून गेली होती. ऋषिकेश पळत आपल्या कारपर्यंत गेला आणि एक पिशवी घेऊन आला. ताण कमी करा म्हणून ऑफिसने दिलेला दाबायचा मऊ चेंडू, बोटावर फिरवायची भिंगरी, असं बरंच काही होतं त्यात. गेलं वर्षभर तो हे सगळं दाबत आणि फिरवत होता. ताण तसाच होता, चेंडू मात्र थकला होता.

"आई, हे नको असेल तर मोबाइलवर लुडो आहे. फासा आपोआप पडतो."

"आपोआप पडते तं मंग मी का करू? बसून पाहू?"

शेवटी बापूजींनी तोडगा काढला. "नवे बनवू. पन रुखमा, तू पसंत केले तरच."

ऋषिकेशने किराणा दुकानातून किलोभर चिंच आणली. चौघं अंगणात बसून चिंचोके काढू लागले. चिंचोका पाट्यावर घासत राहायचा, एका बाजूचं काळं साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत. ऐकायला सोपं वाटतं. दहाव्या मिनिटाला ऋषिकेशच्या बोटाचं सालटं निघालं, चिंचोका होता तसाच काळा.

"जवाईबापूचं घासनं पाहा वं," बापूजी हसले. "चिंचोक्याले गुदगुल्या करून राहिले."

रुखमाबाई निवाडा करायला बसल्या होत्या. एकेक चिंचोका हवेत उडवायच्या, फरशीवर पडू द्यायच्या आणि बाजूला टाकायच्या. "हा लंगडा हाये." "हा नुसता पालथाच पडते." अकरा बाद झाले. वैभवीने मध्येच एक चिंचोका भाजून खाल्ला म्हणून आईचा धपाटा खाल्ला. चार तास गेले. फोन आतल्या खोलीत वाजून वाजून गप्प झाला आणि आपण गुणगुणतो आहोत हे ऋषिकेशच्या लक्षातच आलं नाही. वैभवीच्या आलं. लग्नानंतर तिने त्याला पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं.

पाच वाजता पट आखला गेला. रुखमाबाईंच्या सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे हिरवे तुकडे, समोरच्याच्या काडेपेटीच्या काड्या. बापूजी काड्या लावायला वाकले तोच रुखमाबाईंनी हात आडवा केला.

"ज्यानं फेकले त्यानंच खेळाव."

"आई, मी? मला तर दुपारीच वैभवीने शिकवलं!"

"मंग ताजं ताजं याद असन."

बापूजींनी काड्या जावयाच्या हातात दिल्या. "जपून खेळा, जवाईबापू," ते पुटपुटले. "तुमच्यानंतर इतका मोठा डाव आजच होऊन राहिला."

"माझ्यानंतर म्हणजे?"

बापूजींनी जीभ चावली. वैभवी ओरडली, "बाबा!"

"आता निंगालंच तोंडातून तं सांगतो," बापूजी म्हणाले. "तुमचं स्थळ आलं, तवा मी म्हटलं हाव, हे रुखमा म्हने नाही. मंग पट मांडला."

ऋषिकेशने सासूकडे पाहिलं. सहा वर्षं ताटात जास्तीचं तूप वाढणारी, दिवाळीला स्वतः उटणं वाटणारी ही बाई! "आई, तुम्ही नको म्हणाल्या होत्या?"

"हाव," रुखमाबाई चिंचोके खुळखुळवत म्हणाल्या. "चहा पेता पेता सात डाव मोबाइल पायला तुमी. अन् मधातच दात चावत होते. म्हटलं, हा मानूस पोरीसंग बोलन कवा?"

त्याच क्षणी ऋषिकेशचे दात एकमेकांवर आवळलेले होते, आणि ते त्याचं त्यालाच कळलं. त्याने हळूच जबडा सैल सोडला.

"चाला, टाका."

डाव तासभर चालला. रुखमाबाईंनी त्याच्या तीन काड्या मारल्या आणि दर वेळी टाळी वाजवली. त्याने कसाबसा एक हिरवा तुकडा मारला तर बापूजी उठून उभे राहिले. शेवटी दोघांची एकेकच सोंगटी उरली. रुखमाबाईंना मधल्या घरात शिरायला नेमके दोन हवे होते, त्याला नेमके चार. रुखमाबाईंनी नवे चिंचोके कपाळाला लावून टाकले. तीन पडले. फुकट गेले.

ऋषिकेशने डोळे मिटले आणि हात उघडला. डोळे उघडले ते वैभवीच्या किंकाळीने. चारही चिंचोके पांढरे.

"चंग! पुरे चार!" बापूजी ओरडले आणि पंच्यात तोंड लपवून बसले.

रुखमाबाईंनी तळहाताने पट पुसला. हाताला लागलेला खडू पदराला पुसला. "उद्यापासून नाही जात," एवढंच म्हणाल्या आणि चुलीवर चहा ठेवायला उठल्या.

ऋषिकेश त्यांच्या मागोमाग गेला. संपूर्ण आयुष्यात ही बाई मोठा डाव हरली ती दोनदाच, एकदा लेकीच्या सुखासाठी आणि एकदा घरच्यांचा जीव भांड्यात पडावा म्हणून. आता त्याला सगळं लख्ख समजलं होतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "खरं सांगा, तेव्हाही आणि आजही, तुम्ही मुद्दामच हरलात ना?"

रुखमाबाईंनी गाळणी उचलली आणि त्याच्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "नाही जी जवाईबापू, दोन्ही डाव मी जिंकाले जीव तोडून खेळली होती."