तीनच दाढा

रशीदाचे वडील शमशुद्दीन कसबा पेठेत भांड्यांवर नावं घालायचे. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर लिहून दिलं तेवढंच कोरायचं, पदरची अक्कल भांड्यावर चालवायची नाही, हा त्यांचा दंडक. तोच हात आणि तोच हट्ट घेऊन रशीदा त्रेसष्ट साली एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चित्रकार म्हणून लागली. हंगामी. कायम होण्याचा अर्ज विभागप्रमुख आप्पासाहेबांच्या टेबलावर आठ महिने पडून होता.

आप्पासाहेब तेव्हा मलबारच्या काटेरी डॉरमाउसवर लेख लिहीत होते. खरा डॉरमाउस युरोपातला. झुबकेदार शेपटीचा, हिवाळाभर झोपा काढणारा चिमुकला प्राणी. आपल्याकडचा पाठीवर काटे बाळगतो, मिरीवर ताव मारतो. पण शेपूट तशीच, म्हणून त्यालाही त्याच कुळात बसवलेलं. लेखासाठी रशीदानं त्याच्या जबड्याचं चित्र काढलं. एका बाजूला तीन दाढा.

"चौथी कुठंय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाहीये, सर."

"अहो, डॉरमाउसला चार असतात! पडली असेल. घाला ती. परवा चित्र छापखान्यात जायचंय."

"पडली असती तर खळगा दिसला असता."

"रशीदाबाई, तुम्ही चित्रं काढता की आम्हाला शिकवता?"

"चित्रंच काढते. म्हणून विचारते, नसलेली दाढ कशी काढू?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढून नेमका तिच्या अर्जावर ठेवला. "कायम व्हायचंय ना?"

रशीदा जागेवर येऊन बसली. घाबरली होती, उगाच कशाला नाही म्हणा. सुईच्या टोकाएवढी ती दाढ, कोण मोजणार होतं? पण पेन्सिल काही उचलेना. मग तिनं कपाटातल्या सगळ्या डब्या खाली काढल्या. त्याच प्राण्याचे, कापसात गुंडाळलेले आठ जबडे. कोवळे, म्हातारे, सगळे भिंगाखाली धरले. प्रत्येकात एका बाजूला तीनच, आणि चौथीच्या जागी हाड गुळगुळीत.

एवढ्यावर थांबेल तर ती रशीदा कसली! ग्रंथालयात दाढांची चित्रं चाळता चाळता तिनं एका जर्मन नियतकालिकाचा जुना अंक हुडकला. भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं. चित्रं कळत होती. युरोपात दीडेक कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या एका प्राण्याच्या दाढा. तीन. वर तिरप्या वरंब्यांसारख्या कडा, हुबेहूब तिच्या भिंगाखालच्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी आठही जबडे आणि तो अंक तिनं आप्पासाहेबांपुढे मांडले. "मोजा, सर."

त्यांनी चिमट्याच्या टोकानं दाढा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग जर्मन मजकूर वाचत बसले; चहा निवला तरी मान वर नाही.

"हा डॉरमाउसच्या घरातला नव्हेच," ते अखेर म्हणाले. "याची भावकी ही. दगड झालेली."

लेख मागे घेतला, तीन महिने खपून नव्यानं लिहिला. चित्र तेच गेलं, तीन दाढांचं.

त्याच आठवड्यात अर्ज कचेरीत पोचला. आप्पासाहेबांनी लाल शाईत शेरा मारला होता: "सांगितलेलं ऐकत नाहीत. कायम करावे."