अक्काचं माहेर पुण्याला आलं

गावची हवा चांगली, असं तुम्ही शेवटचं कुठं बसून म्हणालात? चुलीपुढं बसून नक्कीच नाही.

बारावीनंतर मी आमचं गाव, विंझर, सोडलं तेव्हा राब भाजायचे दिवस होते. भाताची रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा पेटवलेला. एसटीच्या खिडकीतून तोरणा धुरात अर्धाच दिसत होता. आई म्हणाली, "पुण्याची हवा लई वंगाळ. नाकाला रुमाल लाव." पुण्यात कित्येक महिने मी गोधडीत नाक खुपसून झोपायचे, कारण गोधडीला घरच्या धुराचा वास होता. आजही तो वास आला की जीव गलबलतो.

यंदा माझी थोरली बहीण, अक्का, पहिलटकरीण. सासर कापूरहोळला, हायवेला लागून. दिवसभर ट्रकांचा धूर. चौथ्या महिन्यात भाकरी थापतानाही तिला धाप लागू लागली. सासू म्हणाली, "पोटुशीला दम लागायचाच." पुण्यात तपासल्यावर कळलं, फुफ्फुसांकडं रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतला दाब वाढलाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अशा बाईच्या जिवाला गरोदरपणात आणि बाळंत झाल्यावरही मोठा धोका असतो, धुरानं त्यात भरच पडते. मूल ठेवायचं का, हे अक्कानं ठरवायचं होतं. तिनं ठेवलं.

आईनं तिला माहेरी नेलं. "हितली हवा मोकळी, लेकी." मी भेटायला गेले, तर अक्का चुलीच्या खोलीत बसलेली, एका वाक्यात दोनदा थांबणारी. बाहेर राब पेटलेले. आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हा धूर गिळला. आपल्या घरचा म्हणून त्याला कुणी प्रदूषण म्हटलं नाही.

"आये, हिला मी पुण्याला नेते."

"पयलं बाळंतपण माहेरी असतंय. लोक काय म्हणत्याल?"

अक्का दम खात म्हणाली, "म्हणावं, माहेरच टेम्पोत घालून नेलं."

आई हसली नाही. गाठोडं मात्र स्वतःचंही बांधलं.

आता दवाखान्याजवळच्या खोलीत आम्ही तिघी. पुण्याचीही हवा वाईटच, म्हणून रस्त्याकडची खिडकी बंद. आई गॅसवर भाकरी भाजते आणि "चव न्हाई" म्हणते. खरंच नसते. तरी घर कुठलं विचाराल तर मी ही खोली सांगेन. इथं अक्काला झोप लागते. पुढं काय होईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

तुमच्या ओळखीची एखादी पोटुशी बोलता बोलता धापा टाकत असेल, तर तिची समजूत काढू नका. गाडी काढा. हृदयाची सोनोग्राफी होते अशा दवाखान्यात तिला आजच न्या.