नोएलाच्या डब्यातली माणसं

हूखकेर्के गावात एप्रिल ते ऑगस्ट रविवारी सकाळी कुणाच्या घरी जाऊ नये. घरी कुणी नसतंच. चर्चपासून जुन्या गिरणीपर्यंतच्या रस्त्यावर खुर्च्यांची ओळ लागते, प्रत्येकापुढे एक लहान लाकडी पेटी आणि पेटीत एक व्हिंक. चिमणीएवढा पक्षी, छाती विटकरी रंगाची, पण गळा असा की ऐकणाऱ्याने कॉफी प्यायला विसरावं. तासाभरात ज्याचा व्हिंक सर्वांत जास्त वेळा गाईल त्याला फुलं. गाणं शेवटच्या ‘सुस्केविट’ने पुरं झालं तरच लांब काठीवर खडूची एक रेघ ओढायची. गाण्याचं शेपूट तुटलं तर रेघ नाही. आणि आपला पक्षी आपण मोजायचा नाही, उजव्या हाताच्या शेजाऱ्याचा मोजायचा. आपल्याला मोजतो तो डावीकडचा.

नोएला डेमुलेनार या ओळीत बसणारी गावातली पहिली बाई. तिचे वडील जवसाच्या शेतात राबायचे. त्यांच्या मागून त्यांची पेटी घेऊन ती आली तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. “पोरगी ओळीत बसली की पक्षी लाजतात,” असं तेव्हाच्या कुणा म्हातारबुवांनी सुनावलं होतं. नोएला म्हणाली, “लाजू देत. लाजतील आणि गातील.” ती बसली ती बसलीच. पुढे विटांच्या भट्टीवरच्या ओदिलशी लग्न झालं, मुलगा झाला, ओदिल देवाघरी गेला, मुलगा ब्रुगेला नोकरीला गेला. रविवारची खुर्ची तेवढी हलली नाही.

पण ऑगस्टात मारियामातेचा सण झाला की व्हिंकच्या गळ्याला कुलूप लागतं. मग उरलेलं वर्ष करायचं काय? व्हिंकवाल्यांच्या बायका सांगतील, तेव्हा हे लोक घरात भुतासारखे फिरतात. म्हणून प्रत्येकाने हिवाळ्यासाठी एकेक वेड लावून घेतलेलं आहे. कामिलने बिअरच्या ग्लासाखालचे पुठ्ठे जमवून अख्खी बैठकीची खोली मढवली. मंडळाचा चिटणीस गॅस्टन सिगारींवरच्या सोनेरी कागदी पट्ट्या जमवतो, आणि त्या चिकटवून केलेलं एक टेबल त्याच्याकडे आहे, त्यावर तो कुणाला कप ठेवू देत नाही. अध्यक्ष मार्निक्स व्हर्ब्रुगचं अख्खं गॅरेज दुकानांच्या जुन्या पत्र्याच्या पाट्यांनी भरलं आहे. गाडी बाहेर पावसात.

नोएला मेलेल्या माणसांची स्मरणचित्रं जमवते.

गावात कुणी गेलं की अंत्यविधीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, सगळे रांगेने वेदीपुढे जातात, दान टाकतात आणि हातात एक लहानसं चित्र घेऊन परत येतात. एका बाजूला मारियामाता नाहीतर एखादा संत, मागे गेलेल्याचं नाव, हल्ली फोटोही, जन्म-मरण आणि दोन ओळींची प्रार्थना. बाकीचे ते प्रार्थनापुस्तकात खोचतात आणि विसरतात. नोएलाकडे त्यांचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत थर लागलेले. संध्याकाळी बटाटे उकडत असले की ती मूठभर चित्रं काढते आणि एकेक नाव मोठ्याने वाचते. ज्यांचं नाव घेणारं जगात कुणी उरलं नाही त्यांचंही. “प्रभू, हा तुझाच. ही पण तुझीच.” तोवर बटाटे होतात.

मात्र एवढं सांगून तिला कुणी संत करू नये. चित्रांचा तिला लोभही होता. जुनी, काळ्या रुंद किनारीची, लेससारखा कागद कातरलेली दिसली की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. मे महिन्यात आणि शरद ऋतूत टील्टच्या सभागृहात अदलाबदलीचा बाजार भरतो, तिथे दोन पाद्री देऊन एक बुडून मेलेला खलाशी आणताना तिला लोकांनी बघितलं आहे. आणि बदलायला जास्तीचं चित्र हवं म्हणून ती अंत्यविधीच्या रांगेत दोनदा उभी राहायची.

इथेच घोटाळा झाला. त्या वसंतात मार्निक्सचे वडील जेरार वारले. नोएला मिस्सेला गेली, रांगेत गेली, चित्र घेतलं, खांबाला वळसा घालून पुन्हा रांगेत गेली. पहिल्या बाकावरून मार्निक्सने ते पाहिलं. काही दिवसांतच त्याचा नावाजलेला व्हिंक, बॅरन, गाणं अर्धवट सोडायला लागला.

जूनमधल्या मंडळाच्या बैठकीत, कॅफेच्या मागच्या खोलीत, मार्निक्स उभा राहिला.

“नोएलाबाई, तुम्ही माझ्या वडिलांच्या मिस्सेला दोनदा रांगेत आलात. मी बघितलंय.”

“बघणारच. पुढेच बसला होतास. पण तू रडायचं सोडून रांग बघत होतास हे मला नव्हतं ठाऊक.”

“दुसरं चित्र कशाला घेतलंत?”

“बदलायला.”

कामिलला राहवलं नाही. “आणि जेरारच्या बदल्यात काय मिळालं गं?”

“दीपगृहवाल्याची बायको. चंदेरी किनार, कातरकाम अगदी शाबूत. नुसत्या जेरारवर नाही देत म्हणाला टील्टचा तो माणूस. वर एक नोटरी द्यावा लागला.”

कामिलला बिअरचा ठसका लागला. मार्निक्सचा चेहरा लालबुंद झाला.

“हसा! तुमच्या डब्यातलं मरण तुम्ही अंगाला लावून ओळीत येता. ते पक्ष्यांना कळतं. बॅरन गप्प झालाय. तुमच्या शेजारी बसायला आता कुणी तयार नाही.”

“कोण कोण तयार नाही? हात वर करा की,” नोएला म्हणाली. हात कुणी वर केला नाही, पण तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. तिची लहानपणापासूनची मैत्रीण इर्मा टेबलावरचं बिस्किट कुस्करत बसली.

तेव्हा नोएलाला ते लागलं. आवाज मात्र तिने खाली येऊ दिला नाही. “गॅस्टन, तुझ्या टेबलावरच्या सिगारी ज्यांनी ओढल्या, त्यातला एक तरी जिवंत आहे का रे? आणि मार्निक्स, तुझ्या पाट्यांवरचे ते सगळे साबणवाले, कॉफीवाले कुठे आहेत आज? माझ्याच डब्यात आहेत बरेचसे. आपण सगळे मेलेल्यांचंच जमवतो. मी निदान त्यांची नावं तरी घेते.”

“मला भाषण नकोय. ते डबे जाळा, नाहीतर कुणाला देऊन टाका. नाहीतर खुर्ची सोडा.”

“जाळणार नाही. देणार नाही. आणि उठणार तर मुळीच नाही.”

शेवटी गॅस्टनने तोड काढली. रविवारी नेहमीसारख्या जागांच्या चिठ्ठ्या काढायच्या. नोएलाच्या उजव्या हाताला ज्याची पेटी येईल त्याचा व्हिंक गप्प बसला, तर नोएलाने ओळ सोडायची. गायला, तर हा विषय कायमचा बंद.

“चालेल,” नोएला म्हणाली. “आणि मी डबा घेऊनच येईन. अर्धंमुर्धं नको काही.”

घरी आल्यावर तिने मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, अगं ते इतिहास मंडळाचे लोक किती वेळा विचारून गेले. देऊन टाक ना. त्यांच्याकडे चांगलं कपाट आहे, कुलूप आहे.”

“कुलूपच आहे रे त्यांच्याकडे. बटाटे उकडताना नावं कोण वाचणार?”

“पण एवढ्यासाठी तू ओळ सोडणार?”

तिने फोन ठेवला. ओळ म्हणजे तिचे वडील, ओदिलने दर रविवारी आणून दिलेली कॉफी, अख्खा आठवडा कुणाशी न बोललेलं तोंड उघडायची जागा. ती गेली तर रविवार फक्त मिस्सेपुरता उरणार होता. आणि मिस्सा तर सकाळी लवकरच संपते, देव मला क्षमा करो, असं ती मनात म्हणाली. शनिवारी ती रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या मारियामातेच्या देवळीपाशी गुडघे टेकून बसली. “आई, माझा पाद्री जिंकू दे असं मी मागत नाही. माझ्या शेजारी बसेल त्याला फक्त गायला लाव.” पाद्री हे तिच्या व्हिंकचं नाव, कारण तो एकदा सुरू झाला की थांबायचा नाही.

रविवारी चिठ्ठ्या निघाल्या. मारियामातेने ऐकलं होतं, पण जरा जास्तच बारकाईने ऐकलं होतं. नोएलाच्या उजव्या हाताला मार्निक्स.

“हे चालणार नाही,” मार्निक्स म्हणाला. “मला दुसरी चिठ्ठी दे.”

गॅस्टनने चष्मा वर केला. “निघालेली चिठ्ठी बदलायची नाही, हा नियम तुम्हीच केलाय अध्यक्ष. कामिलला गटारीशेजारची जागा आली होती तेव्हा.”

“मला आठवतंय,” कामिल पलीकडून म्हणाला. “माझे बूट अजून वास मारतात.”

नोएलाने खुर्चीखाली डबा ठेवला. झाकणावर हिरव्या गवतातल्या गाईचं चित्र होतं, त्याकडे मार्निक्स असा बघत होता जणू गाय उठून त्याला शिंग मारेल. मग गॅस्टनने झेंडा खाली केला, आणि सगळा रस्ता एकदम गप्प झाला.

नोएलाने बॅरनच्या पेटीकडे तोंड केलं. आता तिला दुसरं काही ऐकायचं नव्हतं, स्वतःचा पाद्रीसुद्धा नाही. बॅरन गप्प. पेटीत नुसती नखांची खरखर. मग त्याने सुरू केलं, चढला, आणि शेवटाला येऊन थांबला. ‘सुस्के’ आणि पुढे काही नाही. तिचा खडू काठीला टेकला होता. एक रेघ. कुणाला कळणार होतं? तिची खुर्ची त्या रेघेवर अवलंबून होती. तिने खडू मागे घेतला. पक्ष्याने शेपूट तोडलं तर रेघ नाही, हे तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं. मार्निक्ससाठी ते बदलायचं कारण नव्हतं आणि स्वतःसाठी तर मुळीच नव्हतं.

पुन्हा अर्धवट. पुन्हा अर्धवट. मार्निक्सला स्वतःचं काम होतं, त्याच्या उजवीकडचा पक्षी मोजायचं, पण मधूनच तो कान टवकारत होता आणि त्याची मान घामाने ओली झाली होती. नोएला ओठ न हलवता नावं घेत होती, डब्यातली, आठवतील ती. खलाशी. दीपगृहवाल्याची बायको. जेरार.

आणि मग बॅरनने पुरं केलं. सुस्केविट, अगदी ठसठशीत. तिने रेघ ओढली. लगेच दुसरं. तिसरं. त्यानंतर तो पक्षी सुटला तो सुटलाच. जणू महिनाभराचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. नोएलाचा हात चालत होता, खडूची पूड तिच्या मांडीवर पडत होती. झेंडा वर गेला तेव्हा तिची काठी दोन्ही बाजूंनी पांढरी झाली होती.

तिच्या पाद्रीने त्या दिवशी जेमतेम चोच उघडली होती. कामिल तिच्या डावीकडे होता. त्याने आपली काठी तिला दाखवली आणि खांदे उडवले. मागून कुणीतरी म्हणालं, “बघा, डब्याने तिचाच पक्षी गप्प केला.”

नोएला वळली. “पाद्रीला आज बोलायचं नव्हतं. माझ्या घरात गप्प बसायला कुणाला बंदी नाही.”

गॅस्टनने काठ्या वाचल्या. बॅरन पहिला. दुसरा त्याच्या जवळपासही नव्हता. टाळ्या वाजायच्या आधी मार्निक्स म्हणाला, “ही काठी... नोएलाबाईंच्या हातची आहे. यात...”

तो थांबला. ओळीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. या गावात मोजणाऱ्यावर खोटेपणाचा आळ घेतलेला माणूस पुढे कुणाच्या शेजारी बसत नाही.

“बोल की,” नोएला म्हणाली. “पुरं कर. अर्धवट सोडलेलं मी मोजत नाही.”

पहिली हसली इर्मा. “मी ऐकलंय रे मार्निक्स,” ती तीन खुर्च्या पलीकडून ओरडली. “तुटलेली कितीतरी सोडली तिने. मी असते तर दोन-चार घातली असती!” मग अख्खी ओळ हसली. मार्निक्सने फुलं घेतली. जिंकल्याचं कबूल करायचं तर डब्याचा काही दोष नाही हे कबूल करावं लागत होतं, आणि फुलं परत करावीत इतका तो वेडा नव्हता.

खुर्च्या उचलल्या जात होत्या तेव्हा तो नोएलाजवळ घुटमळत उभा राहिला.

“बाबा आहेत का यात?” त्याने बुटाच्या टोकाने डब्याकडे बोट केल्यासारखं केलं.

“आहेत. पहिलं चित्र मी कधीच बदलत नाही. दुसरं बदलते.”

“बघू?”

“हात धू आधी. खडू लागलाय.”

त्याने हात पँटला पुसले.

“पँटला नाही. नळाखाली.”

तो कॅफेच्या अंगणातल्या नळाकडे गेला आणि ओले हात हवेत धरून परत आला. नोएलाने डबा उघडला, जेरार काढला, पण त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच धरून दाखवला. मार्निक्स वाकून जवळ आला.

“फोटो वाईट आलाय,” तो म्हणाला.

“तूच निवडला होतास. आत्तापासून सांगून ठेवते, तुझ्यासाठी जरा बरा काढून ठेव. असल्या फोटोवर टील्टला मला काही मिळायचं नाही.”

पुढच्याच आठवड्यात चर्चशेजारची म्हातारी बेकरीवाली गेली. मिस्सेला नोएला रांगेत उभी राहिली, चित्र घेऊन खांबाला वळसा घालून पुन्हा आली. या वेळी तिच्या मागे मार्निक्स होता. तिने मागे वळून त्याच्याकडे सरळ बघितलं, आणि दुसऱ्यांदा हात पुढे केला.