बांगड्याचा काय दोष?

मुंबईच्या खोलीतल्या गाववाल्यांनो, आईला विसरता ते ठीक, पण कशावर वाढलात तेही विसरलात?

तुमच्यातल्याच माझ्या दत्तूने धाडलेल्या लोकरीच्या टोपड्याने बाळाला घामोळं आलं. त्यावर हा कळवतो, ‘मासा उष्ण पडतो, बाळंतिणीचा बांगडा बंद करा.’ केला. नुसत्या पेजेवर सुनेचं दूध आटलं, तेव्हा दुधाच्या पावडरीचा डबा आला.

आज सकाळी ते दूध पाजलं, तर बाळाच्या अंगभर गांधी उठल्या, डोळे सुजून मिटले. डॉक्टरांच्या औषधाने सूज उतरली. ते म्हणाले, “हे दूध त्याला सोसत नाही. आईचंच द्या.”

तुमच्या आयांनी बांगडे खाऊनच तुम्हाला पाजलं. कोण सुजलं, सांगा. दत्तूला अक्कल सोडून सगळं आलं. मी सांगते ते लिहून घेताना त्याची बायको हसतेय. सकाळी रडत होती.

दत्तू, डबा नको. नारळ दारात आहेत, बांगडा चुलीवर आहे. दूध उतरायला अळीव पाठव, तिच्यासाठी.