रंभेचं हिरवं लुगडं

आमच्या एस्तेरमावशीला साप-विंचवाची भीती नव्हती, पाद्रीसाहेबांची तर मुळीच नव्हती. भीती होती ती फक्त चारचौघांत हसं होण्याची. त्या एका भीतीने तिच्या चांगल्या कामाला डाग लागला, आणि मी तिची सख्खी भाची असूनही मला त्याचा अजून राग येतो.

साल बावन्नचं. कोरियात लढाई चालू होती. तिथली पोरकी मुलं बर्फात कुडकुडताहेत, असं पाद्रीसाहेबांनी एका रविवारी उपासनेत सांगितलं. मावशी भर सभेत उठली. "मग आपण नुसतं आमेन म्हणत बसायचं का?" त्याच आठवड्यात दापोडीत तिच्या ओसरीवर, प्रार्थना करून, पांघरूण मंडळ सुरू झालं. बायकांनी गोधड्या शिवायच्या आणि मुंबईच्या मिशनमार्फत बोटीने धाडायच्या.

गोधड्या अर्थातच जुन्या लुगड्यांच्या. लेकराच्या अंगाला पहिलं कापड धुऊन धुऊन मऊ झालेलंच लावायचं, ही आपली रीत; त्यात हिंदू-ख्रिस्ती भेद नाही. दोन गल्ल्या पलीकडची गोजाबाईही एक हिरवं लुगडं घेऊन आली. तिची एकुलती एक लेक रंभा तापाने गेली होती. लेकीचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

"गोजाक्का, हे राहू द्या तुमच्याजवळ," मावशी म्हणाली.

"तिकडं पोरं आईबिगर, हितं मी लेकीबिगर. घे. कुनाला तरी ऊब लागू दे."

त्या लुगड्याचीही गोधडी झाली. गोधड्यांचा गठ्ठा मुंबईला गेला आणि तसाच परत आला. रोगराईच्या भीतीने वापरलेलं कापड घेत नाहीत, नवंच पाठवा, असा निरोप होता. मावशीने गठ्ठा माळ्यावर टाकला आणि मंडळात सांगितलं, "पोचल्या. पुढच्या खेपेला नव्या कापडाच्या करू." झाकली मूठ सव्वा लाखाची! गोजाबाईची गोधडी तरी परत दे, म्हणून मी भांडले. "मग बाकीच्यांना काय सांगू?" म्हणाली. नव्या गोधड्या गेल्या, मंडळाचं नाव झालं.

गोजाबाई मात्र दर हिवाळ्यात विचारायची, "माझ्या रंभीची गोधडी कोन पांघरत असंल गं?"

"असेल एखादं गोड पोर," मावशी सांगायची, आणि मग दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसायची.

पुढे गोजाबाई अंथरुणाला खिळली. तिला हुडहुडी भरलेली पाहून मावशीला राहवलं नाही. घरी येऊन ती माळ्यावर चढली. गोधडीचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता, पण लुगड्याचा काठ शाबूत होता. तिने ती गोजाबाईच्या अंगावर घातली. म्हातारीने काठ चाचपला, ओळखला आणि रडायलाच लागली.

"परत आली? म्हंजी ते पोर गेलं व्हय गं?"

मावशीला खोटं बोलणं सोपं होतं, पण ते तिला जमलं नाही.

"पोर नव्हतंच, गोजाक्का. ही गेलीच नाही. माझ्या माळ्यावर होती."

गोजाबाई कितीतरी वेळ काठावरून हात फिरवत राहिली.

"दोन गल्ल्या पल्याड व्हती माझी रंभी," ती म्हणाली, "अन् मी तिला रोज सातासमुद्रापार धुंडीत व्हते."