सत्तेचाळीस नंबरचा आवाज

आता मी ज्या कॉलेजात तासिकेवर शिकवतो, तितंच शिकलो. हजेरी घेताना एकेकाचं तोंड बघतो. पोरं म्हणतात, सर लई कडक. कडक कुठला, मला माझे जुने धंदे माहीत आहेत की.

मी वळसंगचा. रोज सकाळच्या एसटीनं सोलापूर. नकला करायची खोड शाळेपासनं. हेडमास्तर, कंडक्टर, आमची शेळी, सगळ्यांचे आवाज यायचे. कॉलेजात त्याला गिऱ्हाईक मिळालं. आमचे अर्थशास्त्राचे सर मान खाली घालून नुसते नंबर वाचायचे, आणि जे दोस्त घरी झोपलेत त्यांच्या नंबराला मी त्यांच्या आवाजात 'येस सर' म्हणायचो. एका आवाजाला एक प्लेट भजी.

सत्तेचाळीस नंबरचं मात्र फुकट. तो काय झोपलेला नसायचा. भवानी पेठेत त्याच्या घरचे चार माग, टॉवेल विणायचे. वडलांचा हात दुखावला तसं सकाळपासनं मागावर त्यालाच उभं राहावं लागायचं. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, आणि वर्ष बुडालं तर कॉलेज कायमचं सुटणार, हे तो मला एकदाच बोलला. मी म्हणलं, तुझा नंबर माझ्याकडं लागला.

चूक कुठं झाली सांगतो. त्याचं बोलणं मी ऐकलेलं ते मागाजवळच. चार माग खडखडत असताना माणूस ओरडूनच बोलतो. मी वर्गात तसाच आवाज काढायचो, पोटातनं, त्याच्या घरच्या तेलुगूचा हेल लावून, "येस्सार." खिडकीतली कबुतरं उडायची. तीन महिने हे चाललं.

मग एक दिवस वीज गेली, माग बंद पडले आणि तो खरंच वर्गात येऊन बसला. आज माझ्या घशाला सुट्टी, म्हणून मी खुशीत.

"सत्तेचाळीस," सर म्हणाले.

"येस सर." देवळात बोलावं इतकं हळू.

सरांनी पहिल्यांदाच मान वर केली. "कोण बोललं? हा सत्तेचाळीसचा आवाज नव्हे."

"मीच आहे सर."

"तीन महिने ऐकतोय मी त्याला. दुसऱ्याची हजेरी लावतोस? बाहेर हो."

वर्ग हसायला लागला. तो मात्र वही गोळा करायला लागला. खिशातलं ओळखपत्र दाखवावं हेही त्याला सुचेना. मला ते बघवेना. उभा राहिलो आणि त्याच जुन्या आवाजात म्हणलं, "येस्सार." कबुतरं उडाली.

तास संपल्यावर सरांनी दोघांना खोलीत बोलावलं. बाहेर थांबलेलो तेव्हा तो मला म्हणतो, "काय बे, मी असा ओरडतो?"

"मागावर स्वतःला ऐक की कधी."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग लाल पेन काढून तीन महिन्यांची खोटी हजेरी आमच्यासमोर खोडली. सत्तेचाळीसचा चेहरा धुतलेल्या टॉवेलासारखा पांढरा.

"सुट्टीच्या दिवशी जादा तास घेतो. ते बसून भरून काढ," सर त्याला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही, कलाकार. त्याचा आवाज हिकडं आणत होता ना? आता माझा तिकडं न्यायचा. रोजचा तास, त्याच दिवशी."

"तुमच्या आवाजात, सर?"

"येतो का?"

गप्प बसायला पाहिजे होतं. पण नसलेला चष्मा वर सारून मी म्हणलं, "म्हणजे काय, की, गरज वेगळी आणि मागणी वेगळी."

सर म्हणाले, "खोकला राहिला."

तेव्हापासनं रोज दुपारी सात रस्ता चौकातनं चालत भवानी पेठ. मागाजवळ उभा राहून सरांच्या आवाजात ओरडायचो, खोकल्यासकट. सर जन्मात इतके ओरडले नसतील. त्याचे वडील हात गळ्यात बांधून ऐकायचे, मला 'सार' म्हणायचे, चहा पाजायचे. एकदा त्यांनी विचारलं, "सार, मागणी वाढली म्हणताय, मग व्यापारी माल परत का पाठवतोय?" दुसऱ्या दिवशी सरांना विचारून गेलो. तोवर मी अर्थशास्त्र नुसतं तोंडानं बोलत होतो. त्या चहापासनं ते वाचायला लागलो.

आणि सर दर रविवारी स्कूटरवरनं येत राहिले. डब्यात तिघांपुरते पोहे. वर्गात आम्ही दोघं आणि कबुतरं. त्याची हजेरी भरली, ती अशी.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक, शेजारी सर, समोर सत्तेचाळीस. मी दारात उभा. परीक्षकांनी विचारलं, "गरज आणि मागणी यांत फरक काय?"

सत्तेचाळीसनं नसलेला चष्मा वर सारला. खोकला. आणि चार माग चालू असल्यासारखा ओरडून म्हणाला, "म्हणजे काय, की..." उत्तर शेवटपर्यंत बरोबर. सरांनी रुमाल तोंडाला लावला.

परीक्षक म्हणाले, "हे असं तुला शिकवलं कुणी?"

त्यानं सरांकडं बोट केलं. सरांनी रुमाल तसाच धरून दुसऱ्या हातानं दाराकडं, माझ्याकडं.