म्होरं लहानगं, मागं ती

निरोप आला तवा मी मांजरसुंब्याच्या चौकात एका ट्रॅक्टरचं मागचं चाक खोलून बसलो होतो. पंक्चरचं दुकान हाय माझं, पोरं जन्मायच्या आधीपासून. घराशेजारचा माणूस फोनवर एवढंच म्हणला, "दादा, घरी या." कावून, काय झालं, ते सांगंना. मग बाजूच्या गॅरेजातला शब्बीर, माझा जुना दोस्त, त्यानं फोन हातातून घेतला, ऐकला आन् मोटारसायकलला किक मारली. "बस बे मागं," म्हणला. नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथपर्यंत त्यानं गाडी थांबवली न्हाई. ते चाक मी बसवलं होतं का तसंच सोडलं, मला आजपर्यंत आठवत न्हाई. घरी आलो तर अंगणात मुगाच्या शेंगांचा ढीग, आन् त्याच्यापाशी माझी बायको कांता, निपचित पडलेली. बाया तिला धरून बसल्या होत्या. सुपात निम्मे मूग सोललेले. सकाळी तर माझ्यावर खेकसली होती, डबा इसरून चाललो म्हणून... आता त्याला दोन महिने होत आले. माझी बायको कशी होती ते लिहावं म्हणून बसलो, तर तेच मला कळंना झालंय.

कांता गेल्यावरच्या जलदान विधीला आलेली माणसं जेवून गेल्यावर माझी थोरली रमा आन् धाकटा मिलिंद ओट्यावर बसून मायची आठवण काढत होते. रमा म्हणली, "माय लई भित्री होती रे. पालीचं धरण भरलं तवा आपण सांडवा बघायला गेलतो, आठवतं का? समद्यांची पोरं पाण्यात पाय सोडून बसलेली, आन् मायनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली." मिलिंद हसला. "भित्री? अगं, सीताफळं काढताना रानडुक्कर आलं तवा पदर खोचून कोण उभं राहिलं? निघ मुडद्या, पोरं हायती माझी, अशा शिव्या दिल्या की डुकरालाच लाज वाटली."

"तू शेंबडा होतास तवा, तुला काय आठवतं?"

"आन् तुला तुझ्या बांगडीचंच पडलंय!"

दोघं भांडायला लागले. मग माझ्याकडं वळले, "दादा, तुमी सांगा." दोन्ही टायमाला मी तिथंच होतो. बांगडी फुटलेली बघितली, डुक्कर पळालेलं बी बघितलं. तरी सांगता येईना. झोप आली म्हणलं आन् उठलो. झोप कुठली...

पोरं लहान होती तवा आयतवारी मी दुकान उघडत नव्हतो. गिऱ्हाइकं बोंबलायची, पण कांता ऐकायची न्हाई. पहाटं भाकरी, ठेचा, कांदा फडक्यात बांधायची, पोरांना आंघोळी घालायची आन् आमी डोंगराला निघायचो. पोरांना नवं कापड कधी मिळालं, कधी न्हाई, डोंगर मात्र चुकला न्हाई. दसरा-दिवाळीच्या मधी सीताफळं यायची. कुठलं फळ तोडायचं ते तिनं पोरांना शिकवलं. डोळे उघडलेलं, मधल्या भेगा पांढऱ्या झालेलं तेवढंच तोडायचं, बाकीचं पाखरांना. चालायचा तिचा एक कायदा होता. सगळ्यांत लहानगं म्होरं, त्याच्या मागं त्याच्याहून मोठं, आन् सगळ्यांच्या मागं ती. मी ह्या रांगेत नव्हतोच. मी काठी घेऊन शंभर पावलं म्होरं, इचू-काटा बघत. वर पोचलो की बोंबलायचो, "या की लवकर, मुंग्या बी वर आल्या!" खालून ती म्हणायची, "तुमी चला हो, आमचा गाडा बारक्याच्या पायावर चालतो." मला वाटायचं, बाई गुडघ्यानं मागं राहते. लाजंकाजं सांगत नसंल.

आन् एक विहिरीचं सांगतो, म्हणजे माझा घोळ कळंल. उन्हाळ्यात पोरांना पवायला शिकवायचं म्हणून मी दुकानातली टेम्पोची जुनी ट्यूब, ठिगळं लावून, हवा भरून आणायचो. ट्यूब माझी, पण शिकवणार मी म्हणलं तर कांताचा इश्वास न्हाई. ती पोराच्या कमरेला कासरा बांधायची आन् त्याचं दुसरं टोक सोताच्या कमरेला. मग विहिरीच्या पायरीवर बसायची. आता ह्या बाईला सोताला पवता येत नव्हतं. मी म्हणलं, "येडी झालीस का? पोरगं बुडालं तर तुला बी घेऊन जाईल." तर म्हणली, "म्हणून तर बांधलं." म्हणजे काय? मी तवा बी इचारलं न्हाई. ही भीती होती का धीर होता? कुणी सांगावं. पोरं मात्र त्या कासऱ्यावर पवायला शिकली. ती पायरीवरच बसली जन्मभर.

पोरं मोठी झाली, मिलिंद पुण्याला गेला, रमा बीडला दिली. मग रमाची पोरं सुट्टीला यायला लागली, आरोही आन् सोनू. कांतानं त्यांना बी तोच कायदा लावला. सोनूला नीट चालता येईना तवापासून तो म्होरं. आता ती गेली, दिवाळीची सुट्टी लागली, आन् रमा फोनवर म्हणली, "दादा, पोरं येतील, पण यंदा डोंगरावर नेऊ नका. माय होती तवर गोष्ट येगळी होती. तुमी म्होरं निघून जाता." खरंच होतं. तेवढ्यात मागून आरोहीचा आवाज आला, "मग आबाकडं जाऊन काय करायचं?" पोरीच्या मनात काय वाईट नव्हतं. पण माझ्या हातातला फोन जड झाला. ह्या घरात आता दुसरं हाय तरी काय? यंदा डोंगर सुटला तर पुढच्या साली पोरं येतील का, आन् आली तर मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतील. मग मी आन् कांताचं ते मुगाचं सूप...

रमा पोरांना घेऊन आली. दोन दिवस पोरं घरातच. तिसऱ्या दिवशी सोनूनं सकाळीच चप्पल घातली आन् उंबऱ्यात बसला. उठंना. रमा वैतागली, "हट्टी हाय, आजीवर गेलाय." मग माझ्याकडं न बघताच म्हणली, "चला. पण मी बी येणार."

डोंगराच्या पायथ्याला मी सवयीनं काठी घेऊन म्होरं झालो. सोनूनं माझा सदरा ओढला. "आबा, म्होरं मी असतो." मी थांबलो. त्याच्या मागं आरोही उभी राहिली. रमा म्हणली, "दादा, तुमी व्हा मधी, मी मागं राहते." मी न्हाई म्हणलं. कावून म्हणलं ते मला ठावं न्हाई. काठी सोनूला दिली आन् सगळ्यांच्या मागं गेलो.

एवढी वर्षं तो डोंगर चढलो, पण मागून कधी चढलो नव्हतो. मागून डोंगर दिसतच न्हाई. नुसत्या टाचा दिसतात. सोनूच्या धुळीनं भरलेल्या, आरोहीच्या, आन् रमाची भेगाळलेली टाच, अगदी तिच्या मायसारखी. आभाळ कसं हाय, झाडं कुठली, काय कळत न्हाई. पाऊल पडलं, टिकलं, दुसरं पडलं, एवढंच. अर्ध्यात मुरमाड उतार लागतो, तिथं सोनूचा पाय घसरला. रमानं धरला त्याला. मी मागं होतो, माझा हात पोचला असता का न्हाई कुणास ठाऊक, पण तो पोराकडं गेलाच न्हाई. तो माझ्या कमरेला गेला. तिथं काय बांधलेलं होतं? काही न्हाई. रमानं ते बघितलं.

वर बसून सीताफळं खाल्ली. सोनू बिया थुंकून नेम धरत होता, आरोही त्याला "घाण!" म्हणत सोताच लांब थुंकत होती. रमा म्हणली, "दादा, खरं सांगा, माय भ्यायची का न्हाई?" मी म्हणलं, "मला इचारू नको बाई. तिच्या जागंवर चालून बघितलं, तरी कळलं न्हाई. छाती धडधडत होती, आन् थांबावं बी वाटत नव्हतं. ह्याला काय म्हणतात?" रमा बियांवरच्या मुंग्या बघत बसली. मग म्हणली, "उन्हाळ्यात सोनूला पवायला शिकवायचं हाय. ट्यूब हाय ना अजून?"

"हाय," म्हणलं. "हवा भरावी लागंल."

पोरं बीडला गेली. मी परत दुकान उघडलं. दुपारी शब्बीर आन् मी चौकातल्या हाटेलात चहाला जातो, पूर्वीपासून. रस्ता ओलांडायचा तर मी कायम म्होरं, ट्रकवाल्यांना हात दाखवत. परवा शब्बीर मधीच थांबला, मागं वळला. "कावून बे, चार दिवस झाले बघतोय, मागं मागं राहतो. पाय दुखतेत का?"

त्याच्या टाचांकडं बघत होतो मी. मलाच ठावं नव्हतं.

"न्हाई," म्हणलं. "तू चल म्होरं. मी हाय मागं."